पत्रादेवी ते पोळे आणि परत

भाईंनी अजून गाडी घेतलेली नाही. पण त्या गाडीचा त्यांनी जेवढा अभ्यास केला आहे, तेवढा ती बनवणाऱ्यांनी तरी केला असेल की नाही, शंका आहे. डिचोलीच्या बाजारात कुणी सहज विचारलं, "भाई, बरे मरे?" तर उत्तर येतं, "बरें. पण तीस घ्यावी की पंचेचाळीस, तेवढंच ठरत नाही." नवा माणूस समजतो, मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्यात जमिनीचे जे दर चालले आहेत त्यातलं काहीतरी असेल. जुना माणूस मात्र हातातली मासळीची पिशवी दुसऱ्या हातात घेतो, कारण आता अर्धा तास उभं राहायचं आहे हे त्याला कळलेलं असतं.

तीस आणि पंचेचाळीस हे युनिट. विजेच्या मोटारीच्या बॅटरीत मावणारे. टाटांची नेक्सॉन दोन्ही आकारांत मिळते आणि भाईंचं घोडं बराच काळ या दोन आकड्यांच्या मध्ये पेंड खात उभं आहे.

असा एक भाई आपल्याकडे गावोगाव असतो. यानेच पूर्वी टीव्ही घेताना चौदा इंच की वीस इंच यावर दोन वर्ल्ड कप शेजारच्या घरात पाहिले. यानेच इन्व्हर्टर घेताना किती पंखे धरायचे याचा हिशेब एवढा लांबवला की तोवर घरातल्या माणसांची संख्याच बदलली. हा कंजूष नसतो, हे आधी सांगायला हवं. चवथीला माटोळीपासून फटाक्यांपर्यंत कशात हात आखडणार नाही, लग्नात आहेर करताना पाकीट जड असेल. फक्त आपण दिलेल्या पैशाचा शेवटचा पैसा कुठे गेला ते कळल्याशिवाय त्याला झोप येत नाही. आणि न दिलेल्या पैशाचं तर त्याला जास्तच वाटतं.

आमच्या भाईंच्या बाबतीत याला नोकरी कारण आहे. त्यांची उभी हयात खाण कंपनीच्या वजनकाट्यावर गेली. ट्रक काट्यावर चढला, भाईंनी आकडा लिहिला, ट्रक उतरला, सारमानसच्या धक्क्याकडे गेला. 2012 साली खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. भाई त्या दुसऱ्या थांबण्यात निवृत्त झाले. काटा गेला, पण काट्याची लांब, जाड पुठ्ठ्याची एक कोरी वही घरी आली. गाडीचा सगळा विचार त्या वहीत आहे.

वजनकाट्यावरच्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: ओला टन वेगळा आणि सुका टन वेगळा. खनिज ओलं असतं, काट्यावर पाण्याचंही वजन पडतं. पैसे मात्र ओलावा वजा करून मिळतात. शोरूममधल्या पोराने पहिल्या भेटीत सांगितलं, "अंकल, पंचेचाळीसवालीची रेंज 489 किलोमीटर," तेव्हा भाईंनी चष्मा पुसत विचारलं, "हे ओले की सुके?"

पोराला काही कळेना. भाईंनी शांतपणे समजावलं की 489 हा आकडा सरकारी चाचणीचा, चाचणी होते प्रयोगशाळेतल्या फिरत्या रुळांवर, तिथे अस्नोड्याचे खड्डे नसतात आणि मागच्या सीटवर वहिनी नसतात. पोराने मग हळूच कबूल केलं की कंपनी स्वतःही रोजच्या वापराचा वेगळा आकडा देते: मोठ्या बॅटरीला 350 ते 375 आणि लहानीला 210 ते 230. "हां," भाई म्हणाले, "हे सुके." आणि वहीत लिहिलं. त्या दिवसापासून पोरगं त्यांना अंकल म्हणत नाही, भाई म्हणतं, आणि ते दारात दिसले की न विचारता चहा मागवतं. एवढ्या चहाच्या बदल्यात एखादा सीट कव्हरचा सेट सुटला असता.

वहीचं पहिलं पान मला त्यांनी स्वतः दाखवलं. शीर्षक होतं 'गरज'. वर्षभरात घरातलं कोण कुठे गेलं त्याची नोंद. मुलगा रोज म्हापशापर्यंत जातो, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. लेक पेडण्याला दिलेली, तिच्याकडे जाणं-येणं साठ-सत्तर. महिन्यातून एकदा पणजीला कसल्यातरी कागदासाठी. सगळ्यात मोठा दिवस मंगेशीला अभिषेक आणि तिथून मडगावला लग्न, असा. तोही कसाबसा सव्वाशेच्या पुढे. पानाच्या तळाशी भाईंच्या वळणदार अक्षरात निष्कर्ष होता: 'तीस पुरे.' खाली दोन रेघा. काट्यावर दोन रेघा मारल्या की हिशेब मिटला.

पण पुढच्या पानावर दुसरं शीर्षक होतं: 'कदाचित'.

हे पान वाचण्यासारखं आहे. कदाचित रात्री दोनला कुणाला बेळगावला दवाखान्यात न्यावं लागलं तर. कदाचित पंढरपूर. कदाचित नातवाला पुण्यात कॉलेज मिळालं तर. (नातू तिसरीत आहे.) कदाचित आषाढात चोर्ल्याच्या घाटात दरड कोसळली आणि आंबोलीवरून फिरून यावं लागलं तर. कदाचित तेरेखोलच्या पलीकडे रेडीला माउलीचं दर्शन घेऊन तसंच पुढे आरवलीला वेतोबाकडे जावंसं वाटलं, आणि तिथून मालवण जवळच आहे असं वहिनी म्हणाल्या तर. आणि सगळ्यात खाली, लाल शाईने: 'पत्रादेवी ते पोळे. आणि परत.'

आपल्या राज्याची दोन टोकं ही. भाषणात 'पत्रादेवी ते पोळेपर्यंतच्या जनतेने' असं म्हटल्याशिवाय गोव्यातल्या पुढाऱ्याचा घसा मोकळा होत नाही. पेडण्यातल्या पत्रादेवीपासून काणकोणातल्या पोळ्यापर्यंतचा महामार्ग 139 किलोमीटर भरतो. म्हणजे लहान बॅटरीतसुद्धा अख्खा गोवा एका दमात संपतो आणि वर सत्तर किलोमीटर शिल्लक राहतात.

"संपतो, पण परत यायचं काय?" भाई म्हणाले. "दोनशे अठ्ठ्याहत्तर होतात. तीस युनिटवाली मडगाव ओलांडल्यावर वाटेतच झोपते."

"पण भाई, पोळ्याला तुमचं काम काय?"

"काम काही नाही. जाऊन परत येणार."

"आजवर कधी गेला होता?"

"त्यासाठीच तर गाडी बघतोय."

यावर काय बोलणार? माणसाला गाडी लागते ती रोज जातो तिथे जाण्यासाठी, हा समज चुकीचा आहे. तेवढ्यासाठी कदंबची बस आहे. गाडी लागते आपण जिथे जात नाही तिथे जाता आलं असतं, एवढं वाटण्यासाठी. मला स्वतःला भाईंचं पहिलं पान बरोबर वाटतं आणि दुसरं खरं वाटतं.

या दोन पानांमधलं अंतर पैशांत किती, तेही भाईंनी काढलं आहे. 2024 साली दोन्ही गाड्यांच्या सुरुवातीच्या किमतीत दीड लाखाचा फरक होता: एक 12 लाख 49 हजार, दुसरी 13 लाख 99 हजार. जादा मिळणारे सुके किलोमीटर साधारण एकशेचाळीस. म्हणजे एकेक जादा किलोमीटर हजार-अकराशेला पडतो. हा आकडा त्यांनी जेवताना मोठ्याने वाचला, ही चूक झाली.

"आणि ते एकशेचाळीस किलोमीटर वर्षभर ठेवणार कुठे?" वहिनींनी विचारलं. "माळ्यावर तांब्याची भांडी आहेत."

सून बँकेत आहे. तिने आमटी वाढता वाढता सांगितलं, "बाबा, दीड लाख ठेवीत टाका. सात टक्के धरले तरी वर्षाला साडेदहा हजार. तेवढ्यात वर्षातून दोनदा बेळगावला गाडी भाड्याने करून जा. पाठीमागे बसून. झोपून." भाईंचा घास हातात राहिला. हिशेबाने हरणं त्यांना ठाऊक नाही, आणि तेही उकड्या भाताच्या पहिल्या घासाला. "रात्री दोनला गाडी भाड्याने मिळते?" एवढं मात्र त्यांनी विचारलं. मिळते, असं सगळे म्हणाले. जावयाला फोन केला तर तोच घेऊन येतो.

जावई हे या प्रकरणातलं दुसरं टोक. पेडण्याचा माणूस, मोपाला टॅक्सी चालवतो. 5 जानेवारी 2023 रोजी विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून त्याचं आयुष्य विमानांच्या वेळापत्रकावर चालतं. त्याने पंचेचाळीसवाली घेतली आणि घेताना, भाईंच्या शब्दांत सांगायचं तर, 'कागद-पेन्सिलसुद्धा हातात धरलं नाही'. मोपाहून काणकोणचं भाडं लागलं तर जाताना शंभराच्या घरात आणि येताना बहुतेक वेळा रिकामी गाडी तेवढीच. दुपारी परत मोरजीचं, मांद्र्याचं भाडं. "चार्जरवर पाऊण तास उभा राहिलो तर एक भाडं गेलं," तो म्हणतो. "दीड लाख म्हणजे अशी किती भाडी, तेवढं बघायचं. बाकी काय बघायचं?"

त्याचं गणित दोन वाक्यांत संपलं म्हणून भाई त्याला उथळ समजतात. पण त्याची गाडी मागायला त्यांना काही वाटलं नाही. 'कदाचित'मधला घाट तपासायचा होता. जावई चालवायला, भाई पुढे वही घेऊन, मागे वहिनी आणि मी. डिकीत उकड्या तांदळाचं एक पोतं आणि दोन गोण्या नारळ. कारण, रिकाम्या काट्यावर वजन घेत नाहीत. एसी केरीपर्यंत बंद, असा भाईंचा हुकूम. एप्रिल होता. वहिनींनी साखळी मागे पडताच खिडकी उघडली, भाईंनी हवेचा अडथळा वाढतो म्हणून बंद करायला लावली, आणि मग वहिनींनी जे काही म्हटलं त्यानंतर एसी लागला आणि परत येईपर्यंत चालू राहिला.

केरीला अंजुणे धरण दिसू लागल्यावर भाईंनी बॅटरीचा टक्का लिहिला: 78. घाट सुरू झाला. मी बाहेर बघत होतो, भाई आत. प्रत्येक वळणाला त्यांची मान काचेवरच्या टक्क्याकडे. 74 ला त्यांनी घाम पुसला. 70 ला "जरा हळू." 66 ला त्यांनी शेजारच्या हँडलला धरलं, जसं काही तेवढं वजन गाडीवरचं कमी होणार होतं. वर चोर्ल्याला चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा 63. पंधरा टक्के, म्हणजे पावणेसात युनिट. त्यातलं चार युनिट नुसतं चढण्यात गेलं, कारण माणसांसकट अठराशे किलो वजन आठशे मीटर वर न्यायचं तर तेवढं लागतंच; बॅटरी कुठलीही घ्या, त्यात सूट नाही. तीसवाली असती तर हेच बावीस-तेवीस टक्के झाले असते, म्हणजे 78 वरून 55. भाईंचा चेहरा काळजीने उतरला. मिरची भजीलाही हात लावला नाही.

मग उतार लागला. जावयाने ब्रेकवरचा पाय काढला आणि मोटरच गाडीला धरून ठेवू लागली. उतरणाऱ्या चाकांची वीज परत बॅटरीत. पहिल्या दोन-तीन वळणांनंतर 63 चा आकडा 64 झाला. भाईंनी चष्मा काढून पुन्हा घातला. उभ्या आयुष्यात काट्यावरून उतरलेला ट्रक जड झालेला त्यांनी पाहिला नव्हता. खाली केरीला पोचलो तेव्हाही 64.

"म्हणजे ही फुकट उतरली," ते म्हणाले. साखळीपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. साखळीत म्हणाले, "चोर्ल्यात एखादं घर बघितलं तर?" रोज सकाळी फुकट खाली यायचं, हा विचार. डिचोलीत शिरताना त्यांच्या लक्षात आलं की संध्याकाळी वर जावं लागेल.

घाटाने निकाल लावायला हवा होता, तो लावला नाही. 55 टक्क्यांत लहान बॅटरीही बेळगावला पोचते; तिथे पाऊण-एक तास वेगवान चार्जरला लावली की ऐंशीपर्यंत भरून परत येते. एवढा वेळ वहिनींना बेळगावात खडेबाजारात लागतोच. पण भाईंना नवीच शंका आली. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला तीनेक युनिट जातात. पंचेचाळीस युनिट पूर्ण भरायला पंधरा तास. रात्री नऊला लावली तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला वायर निघणार, आणि मध्ये लाइट गेली तर? आपल्याकडे लाइट जाण्यासाठी पाऊस पडावाच लागतो असं नाही, नुसतं आभाळ भरून आलं तरी पुरतं. मुलाने सांगून पाहिलं की रोज चाळीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला रोज सहाच युनिट घालायचे असतात, दोन तासांचं काम, पोदेराचा भोंपू वाजायच्या आत आटपतं. पण भाईंच्या डोळ्यांसमोर पूर्ण रिकामी गाडी आणि पूर्ण अंधार, हे दोन्ही एकाच रात्री.

याच अंधारातून त्यांना पंचेचाळीसच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा सापडला. या गाडीतून वीज बाहेरही काढता येते. मिक्सर, फ्रिज, पंखे, दिवे. चवथीच्या रात्री लाइट गेली तर अख्ख्या आरतीला, गणपतीमागच्या चक्राला आणि माटोळीवरच्या माळांना गाडी पुरी पडेल. "दीड दिवस गणपती, पंचेचाळीस युनिट, काय पाहिजे?" भाई आनंदात होते. वहिनींनी लक्षात आणून दिलं की चवथीलाच सगळी भावंडं येतात, त्यांना बसस्टँडवरून आणायला गाडी लागते, आणि गाडी दिवे लावत अंगणात उभी असेल तर माणसं कशावर आणायची? त्यावर मोठ्या बॅटरीच्या दोन गाड्या, असा विचार काही दिवस वहीत होता. नंतर त्यावर आडवी रेघ आहे.

हे सगळं चाललं असताना 2021 च्या गोवा सरकारच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणातली सबसिडी हुकली. सबसिडी होती तेव्हा भाई ती वाढते का याची वाट पाहत होते. पण त्यांच्या वाट पाहण्याला हसताना जरा जपून. कारण वहीच्या मधल्या पानावर एक तक्ता आहे, तो मला खोडता आलेला नाही. नेक्सॉनची विजेवरची गाडी पहिल्यांदा आली जानेवारी 2020 मध्ये. बॅटरी 30.2 युनिट, कागदावरची रेंज 312, सुरुवातीची किंमत 13 लाख 99 हजार. सप्टेंबर 2024 मध्ये पंचेचाळीसवाली आली. कागदावरची रेंज 489. सुरुवातीची किंमत 13 लाख 99 हजार. रुपयाचाही फरक नाही.

"बघ," भाई म्हणाले, "पावणेपाच वर्षं मी या सोप्यावर बसून होतो. हलून नाही, डुलून नाही. एकशेसत्त्याहत्तर किलोमीटर कमावले."

"ओले की सुके?"

"ओलेच. पण फुकट."

यात खोट एवढीच की याच न्यायाने आणखी पाच वर्षं बसलं तर आणखी कमाई. आणि हा हिशेब ज्या दिवशी गाडी घेतली त्या दिवशी बंद पडतो. पेडण्याला कोजागरीच्या पुनवेला भूतनाथाची गोष्ट सांगतात: देवाला एका रात्रीत देऊळ बांधून हवं असतं, तो रागावून रानाकडे निघतो, आणि गावकरी त्याला 'आज बांधू, फाल्यां बांधू' म्हणून परत आणतात. दरवर्षी. भाईंच्या घरात फरक इतकाच की रागावणाऱ्या वहिनी आहेत आणि समजूत घालणारे एकटे भाई. "आज घेऊ, फाल्यां घेऊ."

गेल्या महिन्यात मात्र वहिनींचा धीर सुटला. भाई सोप्यावर नवा तक्ता आखत होते: बॅटऱ्यांचे भाव असेच उतरत राहिले तर 2030 साली तेवढ्याच पैशात किती. वहिनी खोबरं किसायच्या आदोळीवरून उठून आल्या, हाताला खोबऱ्याचा चव तसाच, आणि म्हणाल्या, "त्या वहीत एक आणखी लिहा. तुमची स्वतःची रेंज किती उरली ती."

मला वाटलं, आता भाई गप्प होतील. वय अडुसष्ट. पण त्यांनी पट्टी घेतली आणि सरळ नवा रकाना आखला. दावा: 85. मग थोडा विचार करून, डायबेटिस आणि वडिलांचं गेलेलं वय धरून, ओलावा वजा केला. प्रत्यक्ष: 75. वजाबाकी केली: सात वर्षं. शेजारी लहान बॅटरीची वॉरंटी लिहिली: आठ वर्षं. दोन्ही आकडे पुन्हा तपासले. चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरी काळजी दिसली.

"म्हणजे शेवटचं एक वर्ष," ते म्हणाले, "बॅटरीचं फुकट जाणार."